लोड घेऊन घाट चढताना काटा लालकडे जातो: हेड उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा टायरी गाडी, बीएस-४, सहा सिलिंडरचं टर्बो-इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा जाळीतून गार करून घेणारं) इंजिन. रिकामी असताना तापमानाचा काटा मध्यावर. भिवंडीहून माल भरून नाशिककडे येताना सपाटीवर ठीक, पण कसारा घाट लागला की निम्म्या घाटातच काटा लालला टेकतो. बाजूला घेऊन दहा मिनिटं चालू ठेवली की पुन्हा खाली येतो. पाणी फेकत नाही, रोज भरावंही लागत नाही. आतापर्यंत रेडिएटर आतून साफ करून घेतला, वॉटर पंप नवा टाकला, थर्मोस्टॅट काढून ठेवला. फरक पडला नाही. आता मेकॅनिक म्हणतोय की हेड पॅकिंग (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उघडू. उघडायचं का?

अजून नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत हेड पॅकिंगकडे बोट दाखवणारं एकही लक्षण नाही. उलट हवेच्या बाजूकडे, म्हणजे फॅन, जाळी (रेडिएटरचा हवा जाणारा भाग) आणि इंटरकूलरकडे बोट दाखवणारी बरीच आहेत, आणि नेमकी तीच बाजू आतापर्यंत कोणी तपासलेली नाही. त्यात थर्मोस्टॅट काढल्यामुळे एक नवी अडचण भर पडली आहे. गाडी समोर नसताना शंभर टक्के सांगता येत नाही हे खरं, पण कशाच्या मागे आधी लागायचं आणि कशाच्या नंतर, हे तुमच्या वर्णनावरून नक्की ठरवता येतं.

गाडी गरम होण्याची कारणं चारच घरांत बसतात. पाणी पुरेसं फिरत नाही. हवा पुरेशी जात नाही. इंजिनच नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. किंवा सिस्टिममध्ये दाब टिकत नाही, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. गाडी नेमकी कधी गरम होते हे नीट पाहिलं तर यातलं घर बऱ्यापैकी सापडतं. म्हणून पार्ट बदलण्याआधी मी ड्रायव्हरला प्रश्न विचारतो, पान्हा नंतर हातात घेतो.

तुमच्या गाडीचं गणित असं. १८० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा साधारण १३५ किलोवॅट काम करतं आणि ढोबळमानाने त्याच्या निम्मी, म्हणजे ६० ते ७० किलोवॅट उष्णता पाण्यात सोडतं. ती सगळी रेडिएटरने बाहेर टाकायची असते. सपाटीवर ६० च्या स्पीडला जोर कमी लागतो आणि समोरून वाऱ्याची फुकट मदत मिळते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी १५-२० च्या स्पीडने चढते. इंजिन पूर्ण जोरात, समोरचा वारा जवळपास शून्य. त्या वेळी जाळीतून जी हवा जाईल ती एकट्या फॅनच्या ताकदीवर. म्हणजे सपाटीवर भरलेली गाडी थंड आणि घाटात गरम, हे लक्षण मुळात फॅन आणि जाळीचं आहे. सपाटीवर लोड घेऊन ६० ला पळतानाही काटा चढत असता, तर मी आधी पाण्याच्या बाजूला हात घातला असता. थंड इंजिन चालू केल्यावर चार-पाच मिनिटांत काटा उडी मारत असता, तर हेड पॅकिंगची शंका खरी मानली असती.

सगळ्यात आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. गाडी गरम असताना हेडलाइट लावा आणि ब्लोअर चालू करा. त्या क्षणी काटा वर सरकला तर अर्थिंग ढिली आहे, इंजिन नाही. कॉमनरेल इंजिन असेल तर स्कॅनर लावून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दिसणारं कूलंटचं तापमान वाचा आणि काट्याशी ताडून पाहा. घाटात काटा लालला असताना स्कॅनर ९२ दाखवत असेल तर प्रश्न तिथेच संपला. १०४-१०५ दाखवत असेल तर गाडी खरोखर गरम होतेय. काट्याची चालही लक्षात ठेवा. हळूहळू चढणारा काटा म्हणजे थंड करण्याची ताकद कमी पडतेय. एकदम उडी मारणारा काटा म्हणजे सेन्सरपाशी हवा किंवा वाफ आली. आणि गरम गाडीत काटा अचानक खाली पडला तर सुटकेचा श्वास सोडू नका. बऱ्याचदा पाणी संपून सेन्सर कोरडा पडलेला असतो.

आता थर्मोस्टॅट. तो आधी परत बसवा, बाकी सगळ्या तपासण्या त्यानंतर. आपल्याकडे गरम गाडीवर पहिला इलाज म्हणून थर्मोस्टॅट काढतात, आणि ट्रकच्या इंजिनाला यातून सर्वांत जास्त नुकसान होतं. या इंजिनांतला थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो, आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. पंपाने ढकललेल्या पाण्यातला मोठा भाग रेडिएटरकडे न जाता बायपासमधून तसाच पंपाकडे परत येतो, कारण ती वाट जवळची आणि सोपी. म्हणजे रिकाम्या गाडीला इंजिन धड तापत नाही, डिझेल जास्त खातं, बोअर झिजतात. आणि भरल्या गाडीला घाटात नेमकं पाणी कमी पडतं. तुम्ही पंप नवा टाकलात तरी फरक जाणवला नाही, याचं एक कारण हेही असू शकतं.

नवा थर्मोस्टॅट घ्या, तो इंजिनाच्या पार्ट नंबरचाच. दिसायला सारखा पण बायपासची चकती नसलेला किंवा कमी उंचीचा थर्मोस्टॅट बसवला तर काढून ठेवल्यासारखंच आहे. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासा. दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. त्यावर कोरलेल्या आकड्याला, समजा ८२ ला, तो हलायला लागला पाहिजे आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडला पाहिजे. पूर्ण उघडल्यावर साधारण ८ ते १० मिलिमीटर वर उचललेला दिसतो. नवा आहे म्हणून ही तपासणी सोडू नका. बसवताना त्यातलं छोटं छिद्र किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते.

यानंतर फॅनकडे या. तुमच्या गाडीला व्हिस्कस फॅन असणार. मधल्या डब्यात सिलिकॉन तेल असतं आणि पुढच्या तोंडावर पट्टी किंवा स्प्रिंगसारखं बायमेटल (उष्णतेने वाकणारा दोन धातूंचा तुकडा). जाळीतून येणारी हवा साधारण ६०-७० अंशांवर गेली की ते बायमेटल आतली झडप उघडतं, तेल पसरतं आणि फॅन पुलीसोबत जवळपास पूर्ण वेगाने फिरू लागतो. तोपर्यंत तो सुस्त फिरतो. हे तेल गळून गेलं किंवा बायमेटल अडकलं की फॅन फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. म्हणूनच तो नजरेतून सुटतो. गॅरेजमध्ये उभं राहून बघणाऱ्याला फॅन फिरतोय एवढंच दिसतं.

याच्या तीन चाचण्या आहेत, तिन्ही फुकट. पहिली कानाने. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटं फॅनचा मोठा आवाज येऊन मग कमी होतो, ते चांगलं लक्षण. घाटात काटा ९५ च्या पुढे जाताना तोच घोंघावणारा आवाज पुन्हा आला पाहिजे. ड्रायव्हरला नेमकं विचारा: चढावर पंख्याचा आवाज येतो का? ‘कधीच नाही’ असं उत्तर आलं तर व्हिस्कस मेलाय असं समजायला हरकत नाही. दुसरी हाताने. इंजिन गरम असताना बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि मग फॅन हाताने जोरात फिरवा. अर्धा-एक फेरा घेऊन जड थांबला तर ठीक. तीन-चार फेरे मोकळा फिरला तर आतलं तेल गेलं. तिसरी डोळ्याने. व्हिस्कसच्या डब्यावर मधून बाहेरच्या दिशेने काळ्या तेलकट रेघा उमटल्या असतील तर तेल गळतंय. पातं धरून पुढे-मागे हलवा. टोकाला बोटभर डोलत असेल तर बेअरिंगही संपलंय. अशा फॅनला चालवत ठेवू नका, तो सुटून जाळीत घुसतो.

पक्कं करायचं असेल तर यार्डातच करता येतं. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून निम्मी जाळी झाका, रेस १५००-१६०० वर धरा आणि स्कॅनरवर तापमान बघत राहा. ९० ते ९५ च्या दरम्यान फॅनचा आवाज एकदम वाढला पाहिजे. १०० झालं तरी आवाज नाही, तर पुठ्ठा लगेच काढा. उत्तर मिळालेलं आहे. बिनस्पर्शाचा टॅकोमीटर असेल तर पात्याला चमकती पट्टी चिकटवून वेग मोजा. पूर्ण गुंतलेला फॅन पुलीच्या वेगाच्या ८५-९० टक्के तरी फिरतो, सुटलेला पाव-तीस टक्क्यांवर रेंगाळतो. फिरत्या फॅनमध्ये गुंडाळलेला पेपर किंवा काठी घालून थांबतो का बघणं, हा प्रकार मात्र करू नका. बोटं जातात.

फॅन चांगला असूनही हवा न जाण्याचं दुसरं कारण जाळी. तुम्ही रेडिएटर आतून साफ करून घेतला म्हणालात. बाहेरून, तोही मधून, साफ झाला का? टर्बो-इंटरकूलर गाडीत समोर इंटरकूलर, त्यामागे रेडिएटर, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम बोटभर जागा. एसी असेल तर सगळ्यांच्या पुढे कंडेन्सर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, म्हणजे पुढच्या काळात हा तिसरा थर सगळीकडे दिसेल. समोरून बघितलं तर इंटरकूलर स्वच्छ असतो, मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ असतो, आणि मधल्या फटीत गोधडीसारखा कचऱ्याचा थर बसलेला असतो. तुमची गाडी परतीला लासलगाव-पिंपळगावच्या बाजूने कांदा भरत असेल, तर बाजार समितीच्या आवारात उडणारी कांद्याची टरफलं, त्यावर धूळ, त्यावर इंजिनाच्या श्वासनळीतून आलेली तेलाची वाफ, असा हा थर बनतो. खानदेशात कापसाचे तंतू, ऊसपट्ट्यात पाचट, वीटभट्टीवर राख. वाळलेला कचरा हवेने उडतो, तेलात भिजलेला उडत नाही.

बघण्याची सोपी रीत: अंधार पडल्यावर फॅनच्या बाजूने प्रखर टॉर्च धरा आणि दुसऱ्याला समोरून बघायला सांगा. सगळीकडून सारखा उजेड झिरपला पाहिजे. काळे पट्टे दिसले तर तिथून हवाही जात नाही. धुताना इंटरकूलरचे बोल्ट ढिले करून तो पुढे कलवा किंवा काढाच. न कलवता समोरून पाणी मारलं तर कचरा फटीत आणखी घट्ट बसतो. तेलकट थरावर आधी पाण्यात मिसळणारं डिग्रीसर मारून पंधरा मिनिटं मुरू द्या. मग पाणी फॅनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, म्हणजे हवा ज्या वाटेने आत येते तिच्या उलट. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून किंवा तिरकी मारू नका, फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) झोपतात आणि मग जाळी कायमची बंद. झोपलेल्या फिन्स फिन-कोम्बने किंवा पातळ पट्टीने धीराने सरळ कराव्या लागतात. खाली पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग पुन्हा टॉर्च लावून बघा.

जाळी उघडलीच आहे तर श्राउडही (फॅनभोवतीचं कडं) बघून घ्या. श्राउड फुटलेला, तारेने बांधलेला किंवा कधीतरी काढून टाकलेला असतो आणि त्याला कोणी मोजत नाही. फॅनची पाती निम्म्याहून थोडी जास्त श्राउडच्या आत हवीत, आणि टोक ते श्राउड ही फट चारी बाजूंनी सारखी, बोट-दीड बोटापेक्षा जास्त नको. रेडिएटरच्या कडेचे रबरी पट्टे गेले असतील तर फॅनने मागे टाकलेली गरम हवाच कडेने पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरते. सपाटीवर समोरचा वारा ती परत ढकलतो, घाटात ढकलत नाही. पट्टे स्वस्त आहेत, टाका. वॉटर पंप बदलताना फॅन निघाला होता, तो उलटा तर बसवला नाही ना हेही बघा. उलट्या फॅनने हवा ओढली जाते, पण निम्मीशिम्मी. बेल्ट चकाकत असेल किंवा तळाला खोबणीत टेकत असेल तर तो लोडवर घसरतो, आणि फॅन आणि पंप दोन्ही एकाच बेल्टवर असले तर दोन्ही मंदावतात.

इथवर सगळं चांगलं निघालं, तरच पाण्याकडे वळा. त्यासाठी अंदाज बांधत बसू नका, मोजा. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजमधल्या तापमानाचा फरक हा या सगळ्या तपासणीतला सर्वांत बोलका आकडा आहे. हातातल्या इन्फ्रारेड गनने यार्डात मोजून उपयोग नाही, कारण उभ्या गाडीला लोड नसतो. दोन प्रोबचा डिजिटल थर्मामीटर घ्या. एक प्रोब वरच्या होजच्या धातूच्या तोंडावर, दुसरा खालच्या तोंडावर घट्ट बांधा, वरून फोमचा तुकडा आणि टेप, म्हणजे फॅनची हवा लागून आकडा चुकणार नाही. वायर फॅन आणि टर्बोपासून लांबून केबिनमध्ये घ्या आणि भरलेली गाडी घाटात न्या. वाचणारा माणूस ड्रायव्हरशिवाय दुसरा हवा.

धडधाकट सिस्टिममध्ये पूर्ण लोडवर हा फरक साधारण ५ ते ८ अंश असतो. वर १०३ आणि खाली १०० असं दिसलं तर पाणी भरपूर फिरतंय पण रेडिएटर उष्णता सोडत नाही. पुन्हा हवेकडे जा, काहीतरी सुटलंय. वर १०३ आणि खाली ८५ दिसलं तर रेडिएटर छान काम करतोय, पण त्यातून जाणारं पाणीच थोडं आहे. फरक ६-७ आणि तरी तापमान चढतच जातंय, तर हवा-पाणी दोन्ही बरं आहे आणि इंजिन जास्त उष्णता ओततंय, किंवा गाडी पासिंगच्या (मंजूर) वजनापेक्षा बरीच जास्त भरलेली आहे. हे आकडे इंजिनागणिक थोडे इकडेतिकडे होतात, दिशा बदलत नाही. इन्फ्रारेड गनच वापरायची असेल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर मारू नका, ती खूप कमी दाखवते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

पाणी कमी फिरत असेल तर संशयित ठरलेले आहेत. खालचा होज पंपाच्या ओढीने चिपकतो का ते रेस वाढवून बघा. त्यात आतून स्प्रिंग असते, ती गंजून गेलेली असू शकते. जुन्या होजचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो, बाहेरून काहीच दिसत नाही. नव्या पंपाची पुली जुन्यापेक्षा मोठ्या व्यासाची असेल तर पंप हळू फिरतो. रेडिएटर आतून साफ केला म्हणजे कसा केला हेही विचारा. नुसतं पाणी सोडून नळ्यांतला क्षार निघत नाही. जाळीच्या पूर्ण तोंडावर गरम गाडीत इन्फ्रारेड गन फिरवा; शेजारच्या भागापेक्षा थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या बंद आहेत. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाडीत क्षार फक्त रेडिएटरमध्ये बसत नाही, हेडमध्ये आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) बाहेरही बसतो, आणि तिथे रेडिएटर बदलून काही होत नाही.

कूलंटबद्दल दोन शब्द, कारण इथे चांगल्या हेतूने चूक होते. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी, एवढंच. ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड’ हे खरं नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलेली गाडी घाटात लवकर तापते. कॅनवर बघा: आधीच मिसळलेलं असेल तर पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर घालायचंच. ओल्या लायनरच्या (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात लायनरला बाहेरून खड्डे पडू नयेत म्हणून हेवी ड्यूटीचं कूलंट लागतं, कारचं हिरवं पाणी नाही. भरताना सावकाश भरा, थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा एअर स्क्रू उघडा ठेवा, तिथून फेस न येता पाण्याची धार आली की बंद करा, मग इंजिन चालवून पुन्हा पातळी बघा. २०-२५ लिटरच्या सिस्टिममध्ये घाईने भरल्यावर सहज दोन-तीन लिटरची हवा अडकून राहते.

रेडिएटरचं झाकण छोटी गोष्ट वाटते, पण कसाऱ्याच्या बाबतीत ती छोटी नाही. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. तिथे दाब नसलेलं साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं, आणि तुमचा थर्मोस्टॅट पूर्ण उघडतोच ९५ ला. मध्ये उरले ३ अंश. ०.७ बारचं झाकण नीट बसलं तर तेच पाणी ११५ पर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलेलं किंवा मानेची सीट वाकलेली असेल तर हा सगळा फरक गेला. पंपाने झाकण तपासून मिळतं. नसेल तपासायचं तर त्याच आकड्याचं नवं टाका. जास्त दाबाचं टाकू नका, होज आणि टाकी फाटतात.

जास्त उष्णता ओतणाऱ्या इंजिनाचं लक्षण सहसा धुरात आणि पिकअपमध्ये दिसतं. घाटात काळा धूर आणि जोर कमी असेल तर एअर फिल्टर, इंटरकूलरचे होज आणि त्यांच्या क्लिपा साबणाच्या पाण्याने तपासा. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळला की डिझेल तेवढंच जातं, हवा कमी पडते, एक्झॉस्ट तापतो. गळका इंजेक्टर, मागे गेलेलं टायमिंग यांचाही हाच परिणाम. आणखी एक जागा लोक विसरतात ती म्हणजे ब्रेक. घाटाआधी थांबून सगळ्या हबवर हात जवळ नेऊन बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक चिकटतोय आणि इंजिन तो ओढत चढतंय.

आता हेड पॅकिंगचा मुद्दा. ते गेलं असतं तर यातलं काहीतरी नक्की दिसलं असतं: थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे आणि रेसबरोबर ते वाढणं, पाणी फेकणं, रोज पाणी कमी होणं, सकाळी पांढरी वाफ, किंवा ऑइल दुधाळ. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तरी खात्री हवी तर घाट चढून आल्यावर लगेच टाकीच्या ओव्हरफ्लोची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि रेस द्या. थांबून थांबून एखादा बुडबुडा चालतो, अखंड रांग चालत नाही. निळ्या द्रवाची टेस्टर किट असेल तर डिझेलला तो हिरवा होतो. पण नुसत्या आयडलवर डिझेलमध्ये गॅस कमी असतो, म्हणून तीही लोडनंतरच करा.

आणि बुडबुडे सापडले तरी हेड उघडायच्या आधी एक तपासणी राहते. ब्रेकच्या एअर कंप्रेसरचं डोकं इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. त्याची पॅकिंग गेली किंवा त्याला चीर पडली की कंप्रेसर पाण्यात हवा ढकलतो, आणि लक्षणं हुबेहूब हेड पॅकिंगची दिसतात. ओळखायचं असं: एअर टाक्या रिकाम्या करा, इंजिन चालवा आणि गेज वर चढताना बुडबुडे बघा. ‘फुस्स’ होऊन कंप्रेसर सुटला की बुडबुडे थांबले किंवा खूप कमी झाले, तर दोष कंप्रेसरचा. दोन्ही वेळा सारखेच येत राहिले, तर मग हेड उघडा. कंप्रेसरच्या पॅकिंगचं काम दुपारभराचं आहे. हेड उघडलं की फेसिंग, प्रेशर टेस्ट, लायनरची उंची, नवे बोल्ट असा खर्च वाढत जातो, आणि मूळ दोष फॅनमध्ये असेल तर नवी पॅकिंगही त्याच घाटात पुन्हा तापते.

म्हणून तुमचा क्रम असा ठेवा: काटा आणि स्कॅनर ताडून पाहा, थर्मोस्टॅट परत बसवा, व्हिस्कस तपासा, इंटरकूलर कलवून मधली फट धुवा, श्राउड आणि झाकण बघा. एवढं एका दिवसात होतं. मग भरलेली गाडी दोन प्रोब लावून घाटात न्या. जे आकडे येतील ते पुढचं सांगतील.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी लागणारच असेल तर ड्रायव्हरला एवढं नक्की सांगा. चढावर वरच्या गिअरमध्ये ११००-१२०० वर रडवत नेऊ नका. एक गिअर खाली घेऊन १६००-१८०० वर ठेवा; पंप आणि फॅन दोन्ही वेगाने फिरतात आणि इंजिनावरचा ताण कमी होतो. एसी बंद. घाट दुपारच्या उन्हात न चढता पहाटे काढता आला तर काढा. काटा १०० च्या पुढे गेला की सुरक्षित जागी बाजूला घ्या, पण लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये १००० ते १२०० वर पाच-सात मिनिटं ठेवा, म्हणजे हेडमधली उष्णता पाणी घेऊन जाईल. पाणी संपलं असेल, ऑइलचं प्रेशर पडलं असेल किंवा आत ठोका ऐकू आला, तर मात्र त्याच क्षणी बंद. झाकण गरम असताना उघडायचं नाही. दाब सुटला की १०० च्या वरचं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. होज हाताने दाबता येईल इतका मऊ आणि सोसवेल इतका गार झाला, की जाड फडकं ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. पाणी टाकायचं ते इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने. तापलेल्या हेडवर किंवा ब्लॉकवर बाहेरून गार पाणी कधीच ओतू नका, बिडाला तडा जातो.